येळवशीच्या रानात तराजूची सुट्टी

मी एक जुना पितळी तराजू आहे. मित्रांनो, तराजू म्हटलं की तुम्हाला लाल आकडे दाखवणारी चपटी पेटी आठवत असेल. ती माझी नात. तिला बोलता येत नाही, नुसते आकडे फेकता येतात. मी मात्र दोन पारड्यांचा, साखळ्यांचा, मधोमध काटा मिरवणारा. दोन्ही बाजू ऐकून घेण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ऐकून घेणाऱ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ साठतं. तेव्हा आज माझं ऐका.

माझा जन्म उदगीरच्या एका तांबटाच्या घरी झाला. शेर-पावशेर जाऊन नुकतेच किलो आणि ग्रॅम आले होते, बाजार गोंधळला होता, आणि नव्या मापांना नवे तराजू हवे होते. तांबटाने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझी पारडी खोलगट केली. मी प्रत्येक ठोक्याला ठणाणा करत होतो. मग लक्षात आलं की पोट सुटल्याशिवाय पारड्यात धान्य टिकत नाही. पोट सुटलेलं बरं असतं, हे माझं पहिलं शिक्षण. पुढे लातुरात मला याच्या अगदी उलट शिकायला मिळालं.

मला विकत घेतलं लातूरच्या गुंडप्पांनी. गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर त्यांचं धान्याचं दुकान होतं. कपाळाला विभूती, खांद्यावर उपरणं, आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. गिऱ्हाइकं त्यांना अप्पा म्हणत. सकाळी दुकान उघडलं की ते आधी मला फडक्याने पुसायचे आणि मगच बाकीच्या कामाला लागायचे. दरवर्षी वजनमापाचे साहेब येऊन मला तपासायचे आणि शिक्का मारून जायचे. माझा काटा कधी खोटा निघाला नाही. शेजारच्या दुकानातला तराजू माझ्या पासंगालाही पुरत नव्हता. हे मी म्हणत नाही, गिऱ्हाइकं म्हणायची.

अप्पांची एक सवय मात्र मला सुरुवातीला अजिबात आवडायची नाही. काटा बरोबर मध्ये आला की ते थांबत नसत. वरून आणखी एक मूठ टाकून धान्याचं पारडं खाली झुकवायचे आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचे. मी जिवापाड बरोबर सांगायचं आणि यांनी ते एका मुठीत बिघडवायचं, म्हणजे काय? पण हळूहळू कळलं की लोक आमच्याच दुकानात का येतात. ते काही माझा काटा बघून येत नव्हते, त्या मुठीसाठी येत होते. मग मीही झुकायला शिकलो.

त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, दावणी रिकाम्या झाल्या, माणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली. दिवेलागणीला तिथून बायका दुकानाशी यायच्या. त्यांच्यात सरजाबाई असायच्या, हातांना चिंध्या बांधलेल्या. त्यांचा मुलगा साहेबराव औरंगाबादेत कॉलेजात शिकत होता, आणि त्याचं नाव निघालं की त्यांचा थकवा उतरायचा. आता एक कडू गोष्ट सांगतो. सरजाबाईंचं घर बौद्ध. त्या काळी काही दुकानांत अशांना पायरीखाली उभं करायचे आणि धान्य वरून पदरात ओतायचे. अप्पांचे वडील तसं करायचे, म्हणून अप्पाही तसंच करायचे. सरजाबाई खाली पदर पसरायच्या, अप्पा वरून ओतायचे. पण पारडं त्यांच्यासाठी जरा जास्तच झुकायचं, एका मुठीच्या दोन मुठी व्हायच्या. एकाच हाताला दोन्ही सवयी होत्या. मला दोन पारडी आहेत, म्हणून दोन्ही सांगितल्या.

पुढे पाऊस आला, दिवस पालटले. पायरीखाली उभं करायची ती रीतही कधीतरी गुपचूप मोडली. आणि एका स्वातंत्र्यदिनी लातूर जिल्हा झालं. काय थाट सांगू त्या दिवसाचा. दुकानादुकानांवर पताका, आणि कालपर्यंत उस्मानाबादला खेटे घालणारे लोक छाती काढून सांगत होते, आता कलेक्टर आपल्या दारात. साहेबराव तिकडच्या कचेरीत कारकून होते. जिल्हा झाला आणि त्यांची बदली थेट घरी आली. त्यांनी औशाच्या वाटेला थोडं रान घेतलं आणि आईला सांगितलं, आता खडी नाही, स्वतःची माती.

जिल्हा झाल्याचे पेढे अप्पांनी सगळ्यांना वाटले आणि स्वतःलाही वाटले. त्यांना मुळातच खायचा नाद. गरम धपाटं आणि त्यावर लोण्याचा गोळा, शेंगाची पोळी आणि तिच्यावर तूप. नव्या कचेरीत काही कामाला गेले, तर तिथल्या जिन्यात मध्येच बसावं लागलं. धाप लागली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की साखर उंबऱ्याशी येऊन उभी आहे, वजन उतरवा, नाहीतर ती घरात शिरेल. काही दिवस खाण्याचं वजन करून बघा, म्हणजे आपण किती खातो याचा अंदाज येईल, असंही ते म्हणाले.

मित्रांनो, जन्मभर तोलणाऱ्या माणसाला तोलून खायला सांगितलं. अप्पांनी त्याच संध्याकाळी दुकानात दुसरा तराजू लावला आणि मला घरी नेऊन जेवायच्या जागी खिळ्याला टांगलं.

सुरुवातीचे दिवस फार मजेचे होते. एका पारड्यात भाकरी, दुसऱ्यात वजन. वाटीत किती भात मावतो हे बघून अप्पा थक्क झाले. 'मी एवढं खात होतो?' असं म्हणून ते स्वतःलाच हसायचे. आडतीवर पोती तोलायचा मोठा काटा होता. तिथला मन्मथ दर महिन्याला त्यांना त्याच्यावर उभं करायचा, आणि दर महिन्याला आकडा उतरायचा. धोतराच्या निऱ्या वाढल्या. जिना एका दमात चढून झाला. जो तो अप्पांचं कौतुक करायचा, आणि अप्पा माझं. मी तर फुगलो होतो. ज्या घरात लोणी वितळायचं त्या घरात आता माझा शब्द चालत होता.

पण अंदाज आला, तरी अप्पा थांबले नाहीत. डॉक्टरांचे 'काही दिवस' कधीच संपले होते. आता शेंगदाणाही पारड्यात पडू लागला. काटा केसभर इकडे झाला की भाकरीचा तुकडा मोडून काढायचे. ताटात काय आहे याकडे त्यांचं लक्षच नसायचं. डोळे काट्यावर. गौरम्मा म्हणजे त्यांची बायको, हाताला चव अशी की गल्ली ओळखावी. तिने मेथीत नवं काही घातलं तरी यांना कळायचं नाही. शेवटी ती स्वयंपाकघरातच बसून एकटी जेवायला लागली. खिळ्यावरून मला दोन्हीकडचं दिसायचं. तिच्या एकटीच्या जेवणाला माझ्याकडे माप नव्हतं.

मग अप्पा मला पिशवीत घालून बाहेर न्यायला लागले. त्यांची मुलगी शिवकांता उदगीरला दिली होती. तिच्या सासरी पाहुणचाराला होळगी केली होती, आपण जिला पुरणपोळी म्हणतो ती. अप्पांनी व्याह्यांच्या देखत मला बाहेर काढून होळगी तोलली, आणि अर्धी परत दिली. विहीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. शिवकांताने खाली पाहिलं. परतीच्या गाडीत गौरम्मा इतकंच म्हणाली, "तुम्ही जेवायलात का हिशेब करायलात, हेच मला कळंना झालंय."

अप्पांना भीती वाटत होती. तराजू सुटला की हात सुटेल, हात सुटला की वजन परत येईल, आणि वजनामागून साखर घरात शिरेल. ती भीती माझ्या दांडीला रोज जाणवायची, कारण एकदा तोललेली भाकरी ते पुन्हा दोनदा तोलून बघायचे.

अशात मार्गशीर्षातली अमावस्या आली. आपल्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातुरात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळं गाव रानात. ज्याला रान नाही, तो दुसऱ्याच्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभी करून पूजा करायची, मग तिच्यासमोर बसून पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खिचडा खायचा आणि मडक्यातली थंडगार आंबिल प्यायची. आणि येळवशीचं बोलावणं नाकारायचं नसतं. त्या वर्षी साहेबराव दुकानात आले आणि थोडे अडखळत म्हणाले, की नव्या रानातली पहिली येळवस आहे, आईने अप्पांना आणि काकूंना बोलावलंय.

अप्पा लगेच हो म्हणाले. पण साहेबराव का अडखळले ते त्यांनाही कळलं आणि मलाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत अप्पांनी त्यांच्या घरचा घास कधी घेतला नव्हता. आजवर कुणी बोलावलं नव्हतं, आणि का बोलावलं नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

येळवशीला निघताना गौरम्माने पिशवीकडे बघितलं. तराजू घरी ठेवा, असं तिने दोनदा सांगितलं. अप्पा म्हणाले, उंडे फार जड असतात. आणि मी पिशवीच्या तोंडातून डोकावत रानात गेलो.

काय सुंदर रान होतं ते. कंबरेएवढी ज्वारी, कडेला करडई, हरभऱ्याला घाटे धरलेले. कोपीसमोर सतरंजी अंथरली होती. साहेबरावांची बायको पंचशीला सगळ्यांना पाणी देत होती. सरजाबाईंनी पूजाअर्चा केव्हाच सोडली होती, पण रानातलं जेवण सोडलं नव्हतं; पहाटेपासून चुलीपुढे बसून त्यांनी स्वतःच्या हाताने सगळं केलं होतं. कचेरीतले लोक, शेजारच्या रानातले निवृत्ती, सगळे पंगतीला बसले. सरजाबाई उंड्यांची पाटी घेऊन वाढत वाढत अप्पांसमोर आल्या.

आणि अप्पांनी सवयीने पानावर हात आडवा धरला.

पंगत थांबली. मित्रांनो, मी पिशवीत होतो, तरी मला ते थांबणं ऐकू आलं. अप्पांच्या मनात फक्त उंड्याचं वजन होतं. पण त्या घरच्या वाढण्यावर असा आडवा हात साहेबरावांनी आणि सरजाबाईंनी जन्मभर पाहिला होता, आणि त्याचा अर्थ त्यांना वेगळाच माहीत होता. साहेबरावांचा चेहरा उतरला. पंचशीला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. सरजाबाईंचा उंडा हातातच राहिला.

अप्पांना आपण काय केलं ते उमगलं, आणि त्यांची गाळण उडाली. तसं नाही, तसं नाही, असं म्हणत त्यांनी घाईघाईने पिशवीत हात घातला आणि पुरावा म्हणून मला वर काढलं. माझ्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, एक पारडं उलटं. इतका लाजिरवाणा मी कधी दिसलो नव्हतो. डॉक्टर, साखर, अंदाज, असं काहीबाही ते सांगत राहिले.

सरजाबाईंनी उंडा पाटीत ठेवला आणि मला हातात घेतलं. दांडीवरचे शिक्के बोटाने चाचपले. त्यांनी मला ओळखलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अप्पा, ह्योच तराजू हाय न्हवं? दुष्काळात ह्याचा काटा तुम्ही माझ्याकडं झुकवायचा. मी इसरले न्हाई. आज माझी बारी हाय, आन् बरोबर काट्यानं मी न्हाई वाढायची."

अप्पांनी पानावर तसाच राहिलेला दुसरा हात उचलला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि म्हणाले, "वाढा, अक्का."

आमच्या अप्पांकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. सरजाबाईंना त्यांनी आजवर नुसतं बाई म्हटलं होतं. गौरम्माने पदर डोळ्यांना लावला. मग सरजाबाईंनी मला कोपीच्या मेढीला, म्हणजे खांबाला, टांगलं आणि पारडं झुकवावं तसं वाढलं.

कित्येक महिन्यांनी मी अप्पांना जेवताना पाहिलं. आधी तर तोलताना पाहायचो. त्यांनी उंडा कुस्करला, त्यावर भज्जी घेतली आणि पहिला घास घेऊन विचारलं, की यात चिंच आहे का चाकवत. सरजाबाईंनी सांगितलं, दोन्ही. तिथून भाज्यांच्या गप्पा निघाल्या, आणि गौरम्माने भज्जीची अख्खी रीत विचारून घेतली. अप्पा सावकाश जेवले. आंबिलीचा दुसरा पेला संपवल्यावर ते जरा थांबले, जणू आतून कुणी हाक मारली. सरजाबाई पाटी घेऊन परत आल्या. अप्पांनी पुन्हा पानावर हात आडवा धरला, आणि ढेकर दिली. या वेळी सगळी पंगत हसली, साहेबराव सगळ्यात मोठ्याने. पोट भरलेल्या माणसाचा हात कसा असतो, ते न सांगता कळतं.

निघताना अप्पा मला घ्यायला वळले. सरजाबाई मेढीशी आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं, की तराजूला पाडव्यापर्यंत इथेच राहू द्या, त्यालाही रानाची हवा लागू द्या. अप्पांचे हात शिवशिवले. पण आत्ताच अक्का म्हटलं होतं, तेव्हा बहिणीचं ऐकणं भाग होतं.

अशी मला सुट्टी मिळाली. पहिल्यांदा मी फार धास्तावलो. अप्पांचं वजन वाढलं तर लोक म्हणतील, तराजू सोडला म्हणून वाढलं. आणि नाही वाढलं तर म्हणतील, मग तराजू हवाच कशाला? दोन्हीकडून माझंच नुकसान. पण रानातली हवा लागली आणि माझी चिंता सैल झाली. चिमण्या माझ्या पारड्यांत झोके घ्यायच्या. एका पारड्यात दोघी, दुसऱ्यात एक, मग दोघींतली एक उडून तिकडे, की मागे उरलेली वर. मी जन्मभर तोललं, पण कुणी मला खेळायला घेतलं नव्हतं.

आणि आमचे अप्पा? त्यांना करमेना. दुसऱ्याच दिवशी ते औशाच्या वाटेने चालत आले. तराजूला गंज तर चढला नाही ना ते बघायला आलो, असं सरजाबाईंना म्हणाले. पितळेला गंज चढत नाही, हे लातुरातल्या बाराखडीच्या पोराला माहीत आहे. सरजाबाईंनी हसू दाबून ताकाचा पेला पुढे केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, या वेळी साखळ्या गुंतल्या असतील म्हणून. मग चालत येणं अंगवळणीच पडलं, आणि पुढे पुढे ते माझ्याकडे बघायलाही विसरायचे. ज्वारी निसवून कणसं बाहेर आली का, हुरड्याला कधी यायचं, यावर सरजाबाईंशी बोलत बसायचे. गौरम्माही कधीकधी बरोबर असायची. आता आम्ही दोघं एकत्रच जेवतो, असं ती पंचशीलाला सांगत होती, आणि पोट भरलं की हे आपणहून उठतात.

मधल्या काळात अप्पांचा पाय एकदा घसरला, हे मी लपवणार नाही. संक्रांतीला त्यांनी तिळाच्या पोळ्या अंमळ जास्तच हाणल्या आणि दुसऱ्या दिवशी घाबरून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, एका सणाने माणूस बिघडत नाही. मोजण्याला सुट्टी दिली हे चांगलंच केलं. फक्त खाण्याकडे लक्ष असू द्या, चालणं सोडू नका, आणि अंदाज चुकतोय असं वाटलं तर पुन्हा काही दिवस तोला. अप्पा येताना सरळ रानात आले आणि हे सगळं सरजाबाईंना सांगून गेले, माझ्या देखत. मला वाटतं, ते मलाच सांगत होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी अप्पा आडतीवर गेले आणि मन्मथच्या मोठ्या काट्यावर उभे राहिले. डोळे मिटून उभे होते म्हणे. मन्मथने वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली, आणि सांगितलं की आकडा होता तिथेच आहे, उलट थोडा खालीच. अप्पांनी त्याला पेढा दिला आणि स्वतःही एक खाल्ला, न तोलता.

दुसऱ्या दिवशी ते मला न्यायला आले. ज्वारीची रास झाली होती. सरजाबाईंनी मला मेढीवरून काढलं, पदराने पुसलं. पण आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. त्यांनी राशीत हात घालून माझं एक पारडं नव्या ज्वारीने शिगोशीग भरलं. ते पारडं मातीला टेकलं आणि दुसरं आभाळाकडे गेलं. इतका मी आयुष्यात कधी झुकलो नव्हतो.

अप्पांजवळ पिशवी होती. ती त्यांनी काढली नाही. त्यांनी खांद्यावरचं उपरणं घेतलं, दोन्ही हातांनी पसरून समोर धरलं आणि जरासे वाकून उभे राहिले. सरजाबाईंनी एकदा त्या पसरलेल्या उपरण्याकडे बघितलं. मग त्यांनी पारडं वरून ओतलं नाही. जवळ आल्या, आणि उपरण्याला हात लावून अलगद रिकामं केलं. अप्पांचे डोळे भरून आले होते. ती ज्वारी किती होती, हे मला आजही माहीत नाही, कारण ती कुणी तोललीच नाही.

तेव्हापासून मी घरच्या खिळ्याला टांगलेला असतो. धोतराची गाठ आवळ वाटू लागली की अप्पा मला आठवडाभर खाली उतरवायचे, अंदाज घ्यायचे आणि पुसून परत टांगायचे. येळवशीला मात्र मी घरी आणि ते रानात. अप्पा गेले, सरजाबाई गेल्या, आता आजोळच्या या घरात राहायला आलेली शिवकांताची सून त्या खिळ्याखाली स्वयंपाक करते, आणि साहेबरावांच्या घरचं बोलावणं तिलाही येतं.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. वर्षातून एकदा चिंचेने मला घासून ठेवा, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी. बाकी तुमच्यासाठी सांगतो. तब्येतीसाठी तोलायची वेळ आली तर बिनधास्त तोला, मी खोटं सांगणार नाही. पण अधूनमधून मला सुट्टी द्या. आणि कुणी हाताने केलेलं घेऊन वाढायला आलं, तर पानावर हात आडवा धरण्याआधी एकदा वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. मग पोट भरलं असेल, तर खुशाल धरा.